हे खरे आहे काय?

आमच्याकडं लोकप्रतिनिधीची हजेरी रक्षाविसर्जनाला मांडली जाते. मातीला कोण आलं, मातीला न जमल्यानं तिसऱ्या दिवशी रक्षेला कोण आलं, कुणी स्वतः न येता पोराला धाडलं आणि कोण एकदम दिवसकार्यालाच उगवलं, हा हिशोब कोल्हापूरच्या पेठांमधल्या कुठल्याही कट्ट्यावर तोंडपाठ मिळतो. "साहेब आलंतं, पण गाडीतनं उतरलं न्हाईत," अशा शेऱ्यासकट. लग्नाचं खातं वेगळं. तिथं अक्षता पडायच्या आधी आले की नंतर, एवढंच बघतात.

बाहेरगावची शिकलेली मंडळी याला हसतात. मला हसू येत नाही. या नोंदीला साक्षीदार असतात, ती पैसे देऊन वाढवता येत नाही, आणि मतदारसंघात कुणाच्या घरी काय घडलं हे आमदाराला ठाऊक असणं काही क्षुल्लक नव्हे. अडचण एवढीच, की ज्या कामासाठी आपण त्याला मुंबईला किंवा दिल्लीला पाठवलं, त्या कामाची हजेरी मांडणारा कट्टा पेठेत नाही.

माझं आयुष्य मुद्रितं तपासण्यात गेलं. रटाळ मजकूर वाचायचा मला कंटाळा नाही, उलट थोडी चटकच आहे. त्यामुळं निवृत्तीनंतर लोक पहाटे रंकाळ्यावर फिरायला जातात तसा मी संसदेच्या संकेतस्थळावर फिरायला लागलो. आमच्या जिल्ह्यातून लोकसभेत दोघं जातात, कोल्हापूरचे आणि हातकणंगल्याचे, विधानसभेत दहा. या बाराजणांनी तिथं काय केलं, ते वाचायचं. शेजारचा पोरगा एकदा म्हणाला, "काका, येवढं वाचून काय करालायसा?" त्याला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. हे लिहिणं म्हणजे थोडंफार तेच उत्तर.

खासदारांचं बघणं त्या मानानं सोपं. २००५ साली सुरू झालेली पीआरएस ही दिल्लीची संस्था प्रत्येक खासदाराचं एक पान ठेवते. हजेरी किती टक्के, चर्चांत भाग किती वेळा, प्रश्न किती, खासगी (मंत्री नसलेल्या सदस्यानं मांडलेली) विधेयकं किती, आणि शेजारी राज्याची व देशाची सरासरी. निवडणूक जवळ आली की हेच आकडे मोबाइलवर फिरतात, कुणाचे पानभर, कुणाचे लपवलेले. पण हे पान वाचायचीही एक रीत आहे. मंत्री हजेरीवहीत सही करत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत, त्यामुळं मंत्री झालेल्या खासदाराचं पान कोरं दिसतं. त्यात त्याचा काही दोष नसतो. हजेरीचंही तसंच. वर्षानुवर्षं ती सहीवर मोजली गेली, सहीवरच दैनिक भत्ता मिळायचा, आणि सही करून कोण दहा मिनिटांत निघून गेला हे टक्केवारीला कळत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ सदस्य निलंबित झाले. सभागृहात घुसखोरी कशी झाली यावर सरकारनं निवेदन करावं, ही त्यांची मागणी होती. निलंबितांचे प्रश्नही यादीतून वगळले गेले. असं काही घडलं असेल, तर त्या अधिवेशनाच्या आकड्यांवरून कुणाला कामचुकार ठरवायचं?

आकडे आणि मत यांचं नातं कसं असतं, ते आम्ही २०१९ साली अगदी घरच्या घरी पाहिलं. २०१४ ते २०१९ या काळात कोल्हापूरचे खासदार धनंजय महाडिक होते. देशात सर्वाधिक प्रश्न विचारणाऱ्या खासदारांत त्यांचं नाव अगदी वरच्या ओळीत होतं. त्याच काळात शेजारच्या हातकणंगल्यातून राजू शेट्टी लोकसभेत होते. त्यांनी २०१८ साली शेतकऱ्यांची कर्जमुक्ती आणि हमीभावाचा हक्क यांसाठी दोन खासगी विधेयकं मांडली. मांडताना ती मंजूर होणार नाहीत, हे त्यांनाही माहीत असणार. स्वातंत्र्यापासून आजवर खासगी विधेयकं मंजूर झाली ती अवघी १४, आणि शेवटचं १९७० साली. शुक्रवारी दुपारी, निम्मे खासदार गावाकडच्या गाडीत बसलेले असताना त्यांवर चर्चा होते. तरीही विधेयक मांडल्यानं एक मागणी कलमांच्या भाषेत कायमची छापली जाते, आणि पुढच्या आंदोलनाला तो कागद लागतो.

२३ मे २०१९ ला दोघंही पडले. कोल्हापुरात तेव्हा प्रश्नांच्या संख्येपेक्षा 'आमचं ठरलंय' हे दोन शब्द भारी ठरले. भिंतीवर, रिक्षावर, पोरांच्या मोबाइलवर तेच. मित्रपक्षाच्या, म्हणजे काँग्रेसच्या, नेत्यानं मित्रपक्षाच्याच उमेदवाराविरुद्ध, म्हणजे महाडिकांविरुद्ध, उघड ठरवलेलं, आणि जिल्ह्यानं ते मनावर घेतलेलं. हातकणंगल्याची गणितं वेगळी होती, आणि वर देशभराची लाट होतीच. कोल्हापूरकरांना संसदेतलं काम कळत नाही, असं त्यावरून काही जणांनी लिहिलं. मला ते पटत नाही. कळण्यासारखं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं काय? एक आकडा पोचला होता, हजाराच्या घरातला. त्या प्रश्नांत काय होतं, उत्तर काय आलं, त्या उत्तराचं पुढं काय झालं, हे एकाही फलकावर नव्हतं.

प्रश्नांची संख्या फुगते कशी तेही सांगतो. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न यादीत येतात आणि २३० अतारांकित. तारांकिताला मंत्र्यानं सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं, त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. त्यातले जेमतेम पाच-सहा तोंडी निघतात तोवर तास संपतो. अतारांकिताचं उत्तर कागदावर पटलावर ठेवतात. कुणाचा प्रश्न लागणार ते सोडतीनं ठरतं, म्हणून जास्त सूचना दिल्या की जास्त लागतात. एकाच विषयावरचे सारखे प्रश्न एकत्र जोडले जातात. उत्तर एक, वर नावं चार-पाच, आणि प्रत्येकाच्या खात्यावर एक-एक जमा. महाराष्ट्रातल्या तीन-चार खासदारांची नावं अशी ओळीनं कितीदा तरी दिसतात. त्यावरून प्रश्न कुणाच्या तरी एका सहायकानं लिहिला आणि सह्या सगळ्यांनी केल्या, असा तर्क करायला फार बुद्धी लागत नाही. यात बेकायदा काही नाही. बेकायदा ते २००५ मध्ये झालं. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल दोन्ही सभागृहांतल्या ११ खासदारांना डिसेंबरात काढून टाकलं, त्यात महाराष्ट्रातलेही होते. प्रश्नाला बाजारात किंमत आहे हे तेव्हा देशाला कळलं. मतदारांना मात्र तो फुकट मिळतो आणि तरी कुणी नेत नाही.

आता विधानसभा. इथं माझ्यासारख्याला खरी मेजवानी आहे. मुंबईच्या आमदारांची प्रगतिपुस्तकं प्रजा फाउंडेशन काढतं. आम्हा जिल्ह्यांतल्या लोकांना मूळ याद्याच वाचाव्या लागतात. तारांकित प्रश्नोत्तरांची यादी ज्यानं वाचली नाही त्यानं मराठी गद्याचा एक प्रकारच वाचला नाही, असं मी म्हणेन. त्याचा साचा ठरलेला. 'सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय', इथून सुरुवात. मग पहिला भाग, कितीही लांबलचक तक्रार असली तरी एकाच वाक्यात कोंबलेली, आणि शेवटी 'हे खरे आहे काय'. दुसरा भाग, 'असल्यास, याबाबत चौकशी केली आहे काय'. तिसरा, 'असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे'. आणि शेवटी हमखास, 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'.

उत्तरांचाही साचा आहे. 'हे खरे आहे' असं शासन क्वचित म्हणतं. 'हे खरे नाही' असं बऱ्याचदा म्हणतं. पण त्याचं सगळ्यात आवडतं उत्तर 'अंशतः खरे आहे'. नदीत मासे मेले हे अंशतः खरे. पूल खचला हे अंशतः खरे. पहिल्याला एकदा 'हे खरे नाही' म्हटलं की बाकी सगळ्यांना 'प्रश्न उद्भवत नाही' म्हणता येतं, आणि आठ ओळींचा प्रश्न दोन ओळींत निकाली निघतो. मी सुरुवातीला यावर नुसता चिडायचो. मग लक्षात आलं की 'अंशतः खरे आहे' ही फार कामाची कबुली आहे. त्याच्यापुढं शासनाला तो अंश कोणता ते लिहावंच लागतं. किती नोटिसा दिल्या, कुणाचं पाणी-वीज तोडलं, सांडपाणी केंद्राची क्षमता किती आणि प्रत्यक्षात पाणी किती येतं, हे सगळं मंत्र्याच्या नावानं सभागृहात छापून येतं. हेच माहितीच्या अधिकारात मागायला गेलं तर अर्ज, अपील, दुसरं अपील असा घाट चढावा लागतो.

म्हणून मी आता आमदारानं किती प्रश्न विचारले ते मोजत नाही. पहिला भाग वाचतो. त्यात गावाचं नाव, बंधाऱ्याचं नाव, तारीख, गट नंबर असेल तर लिहिणाऱ्याला जागेवरची माहिती आहे. 'राज्यातील नद्यांचे प्रदूषण वाढत असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय' असं असेल तर तो वर्तमानपत्राचं कात्रण समोर ठेवून लिहिलेला प्रश्न, आणि त्याला उत्तरही त्याच वजनाचं येणार. हा फरक कुठल्याच टक्केवारीत दिसत नाही, वाचणाऱ्याला मात्र दुसऱ्या ओळीत कळतो.

पंचगंगेचंच घ्या. हा विषय जिल्ह्यातल्या प्रत्येक लोकप्रतिनिधीनं कधी ना कधी मांडला आहे. शहरातले जयंती आणि दुधाळी नाले, पुढं इचलकरंजीच्या कापड प्रक्रियेचं पाणी, साखर कारखाने, गावोगावचं सांडपाणी. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ येऊन माणसं दगावली. तेरवाड बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच पडतो तो तर ठरल्यासारखा. खासदारानं दिल्लीत विचारलं की उत्तराच्या सुरुवातीला 'पाणी हा राज्याचा विषय आहे' हे वाक्य येतंच, आणि मग राज्यांना किती निधी दिला त्याचा तक्ता. आमदारानं मुंबईत विचारलं की काम स्थानिक स्वराज्य संस्थेचं. नदी एकच, पण उत्तराच्या कागदांवर ती कुणाचीच नसते. कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाचंही असंच. उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायला कृष्णा पाणी लवादानं २०१० साली मान्यता दिली. २०१९ आणि २०२१ चे महापूर अंगावर घेतलेल्या शिरोळ-करवीरच्या लोकांना त्या आकड्यांचे दशांशसुद्धा पाठ आहेत. तिथं उत्तर येतं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे.

एवढं सगळं लिहून ठेवणाऱ्या या सभागृहांत एकाच गोष्टीची नोंद बहुतेक वेळा नसते. मताची. कायदा होताना आपल्या आमदारानं हात कुठल्या बाजूला वर केला, हे विचारलं तर उत्तर सापडत नाही, कारण हात वर करायची वेळच आलेली नसते. पीठासीन अधिकारी म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. दोन्हीकडून आवाज होतो. 'होयचे बहुमत' म्हणतात आणि विधेयक संमत होतं. २८८ जणांत तुमचा माणूस होय म्हणाला, नाही म्हणाला, की चहा प्यायला गेला होता, कुठंही लिहिलेलं नसतं. १० जुलै २०२५ ला विधानसभेनं विशेष जनसुरक्षा विधेयक असंच आवाजी मतदानानं संमत केलं. उघड विरोध नोंदवल्याचं नाव ठळकपणे आलं ते एकट्या विनोद निकोले यांचं, डहाणूच्या मार्क्सवादी आमदाराचं. पुढं विरोधी पक्षांनी त्याच कायद्याविरुद्ध आंदोलनं केली. आंदोलनात असलेल्यांपैकी त्या दिवशी सभागृहात 'नाही' कोण म्हणालं, हे तपासायला कागद नाही.

सदस्य मतविभाजन मागू शकतात. मग घंटा वाजते, साडेतीन मिनिटांनी लोकसभेच्या लॉबीची दारं बंद होतात, आणि हिरवं, लाल किंवा पिवळं बटण दाबावं लागतं. नावानिशी यादी कार्यवाहीत छापतात. पण मागणी होऊनही ते होईलच असं नाही. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत शेती विधेयकांवर विरोधक मतविभाजन मागत राहिले, मागणारे आपापल्या जागेवर नव्हते असं कारण पुढं आलं, आणि आवाजी मतदानानं विधेयकं संमत झाली. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले, आपले राजीव सातव त्यांत होते. ज्या कायद्यांनी वर्षभर दिल्लीच्या सीमांवर शेतकरी बसले आणि जे अखेर नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द झाले, त्यांच्यावर राज्यसभेत कुणाचं मत काय होतं याची यादीच निघाली नाही. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं, तिथं मोजण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणून महिला आरक्षणाचे लोकसभेतले ४५४ विरुद्ध २ आपल्याला माहीत आहेत. वक्फ विधेयकाला घटनादुरुस्ती लागत नव्हती, तरी एप्रिल २०२५ मध्ये लोकसभेत मतविभाजन झालं, २८८ विरुद्ध २३२.

आणि यादी मिळाली म्हणून काय कळतं? त्यातलं नाव आपल्या खासदाराचं असतं, मत पक्षाचं. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा परवानगीशिवाय गैरहजर राहिलं, आणि पक्षानं १५ दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. आयाराम-गयारामांना आळा घालायला आणलेला कायदा. त्यानं आयाराम थांबले नाहीत, ते आता घाऊक येतात-जातात. एकट्यानं विचार करून वेगळं मत देणारा मात्र थांबला. परदेशात खासदाराच्या मतांचा इतिहास काढून लोक त्याला जाब विचारतात, तसं इथं करायला गेलं तर तो खुशाल म्हणेल, व्हिप होता. ते खोटंही नसतं. माझ्या मते पक्षादेश विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्प यांच्यापुरताच असावा. बाकी कायद्यांवर माणसानं आपलं मत द्यावं आणि ते छापून यावं. हे मी काही नवीन सांगत नाही. खुद्द सभागृहांतल्या अनेकांनी हे सुचवून झालं आहे.

मतांची नोंद अख्ख्या कोल्हापूरनं डोळ्यांत तेल घालून पाहिली ती २०२२ च्या जून-जुलैत. १० जूनला राज्यसभेच्या सहाव्या जागेसाठी लढणारे दोघंही कोल्हापूरचे, भाजपचे धनंजय महाडिक आणि शिवसेनेचे संजय पवार. त्या निवडणुकीत आमदाराला मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, अपक्षांना ते बंधन नाही. दाखवण्यातल्या चुकीवरून एक मत बाद झालं, मतमोजणी अडली, आणि निकाल उजाडायच्या सुमाराला लागला. इकडं पोरं फटाके घेऊन जागी. दहा दिवसांनी विधान परिषदेचं मतदान झालं, तेच आमदार, पण या वेळी गुप्त. मतं फुटली, कुणाची ते आजही कट्ट्यावर छातीठोकपणे सांगणारे भेटतात आणि प्रत्येकाची यादी वेगळी असते. त्याच रात्री आमदारांच्या गाड्या सुरतेकडं गेल्या. मग ४ जुलैला शिंदे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर शिरगणती. एकेक आमदार उभा राहून आपलं नाव आणि क्रमांक सांगतोय, १६४ विरुद्ध ९९, आणि सगळं थेट टीव्हीवर. जिल्ह्यातल्या आमदाराचं नाव आलं की चहाच्या गाड्यावरची गर्दी एकदम बोलायची थांबायची. कुणी टाळी वाजवली, कुणी शिवी हासडली. पण उद्या मतदारसंघात आल्यावर त्याला काय विचारायचं, ते दोन्ही बाजूंना नक्की ठाऊक होतं.

कायदे करताना एवढं कुणी बघत नाही, आणि बघायची सोयही नाही. म्हणून माझा जीव प्रश्नांत आणि आश्वासनांत गुंतलाय. मंत्र्यानं सभागृहात 'तपासून पाहू', 'तीन महिन्यांत करू' असं म्हटलं की ते आश्वासन ठरतं, आणि त्याचा पाठपुरावा करायला समिती असते, दिल्लीत आणि मुंबईतही. समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात, पण लोकसभेच्या समितीच्या अहवालाला बैठकांची टिपणं जोडलेली असतात आणि त्यात हजर सदस्यांची नावं. मुख्य अहवाल कुणी वाचत नाही, परिशिष्ट तर त्याहून नाही. माझ्यासारख्या मुद्रितशोधकाला मात्र सवयच, आधी शेवटची पानं उलटायची.

प्रा. एन. डी. पाटील १८ वर्षं विधान परिषदेत होते, १९८५ ते ९० विधानसभेत. त्यांनी किती प्रश्न विचारले, हे आज कोल्हापुरात कुणीही सांगणार नाही. ऐंशी ओलांडल्यावर टोलविरोधी मोर्चात ते पुढं होते, हे सगळे सांगतील. सभागृहात अभ्यासानं बोलणारा आणि रस्त्यावर उतरणारा माणूस एकच असला तर दोन वेगळ्या वह्या लागत नाहीत, हे खरं. पण तसं भाग्य प्रत्येक पिढीला नाही.

शेजारच्या त्या पोराला मी अखेर कामाला लावलं. त्याचं आजोळ शिरोळ तालुक्यात. तेरवाड बंधाऱ्याचे फोटो त्याच्याकडं तारखांसह होते. आम्ही दोघांनी मागच्या एका उत्तरातलं 'कार्यवाही सुरू आहे' समोर ठेवलं आणि नवा प्रश्न लिहून काढला. कुठला बंधारा, कुठल्या तारखा, कितव्या उत्तरात शासनानं काय कबूल केलं होतं, ते काम कुठवर आलं. तो कागद घेऊन एका आमदाराच्या कार्यालयात गेलो. पीएनं चष्मा लावून सगळा वाचला, मान हलवली.

"चांगलाय. पण काका, शेवटी 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत' घातलं न्हाईसा की."

आणि खिशातला पेन काढून त्यानंच ते खाली लिहिलं.